चौदा महिन्यांच्या बाळाला तापाचे औषध किती, केव्हा आणि कोणते द्यावे?

डिचोली तालुक्यातील एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा चौदा महिन्यांचा, ९.२ किलो वजनाचा मुलगा दोन दिवस तापाने फणफणला असून काखेत १०२ अंश फॅरनहाइट ताप भरतो. गेल्या वेळी डॉक्टरांनी सांगितलेले पॅरासिटामॉलचे ‘पाच एमएल’ हे प्रमाण त्यांना पाठ आहे, परंतु या वेळी फार्मसीतून मिळालेली बाटली लहान, थेंबांची आहे. सासूबाईंचे मत असे की मेफेनॅमिक ॲसिडच्या औषधाने ताप झटकन उतरतो, तेव्हा तेच द्यावे; शेजारच्या बाईंनी दोन औषधे आलटूनपालटून द्यायला सुचवले आहे. रात्री झोपेतून उठवून औषध द्यावे का, आणि ताप ‘डोक्यात जाईल’ का, हेही त्यांना जाणून घ्यायचे आहे.

सर्वांत आधी त्या बाटलीविषयी सांगतो, कारण बाकीचे सगळे थोडा वेळ थांबू शकते. थेंबांच्या बाटलीतून पाच मिलि औषध देऊ नका. आपल्याकडे पॅरासिटामॉलचे लहान मुलांचे औषध साधारण तीन शक्तींत मिळते. एका सिरपमध्ये पाच मिलिमागे १२० किंवा १२५ मिलिग्रॅम औषध असते, दुसऱ्यात पाच मिलिमागे २५० मिलिग्रॅम असते, आणि थेंबांच्या बाटलीत केवळ एका मिलिमध्ये १०० मिलिग्रॅम असते. म्हणजे तुमच्या मुलाला पहिल्या सिरपचे पाच मिलि दिले तर त्याच्या पोटात १२५ मिलिग्रॅम औषध जाईल आणि ते त्याच्या वजनाला अगदी योग्य आहे. तेच पाच मिलि थेंबांच्या बाटलीतून दिले तर ५०० मिलिग्रॅम, म्हणजे नेमके चौपट औषध जाईल. थेंबांची बाटली लहान आणि तान्ह्या बाळांसाठी असल्यामुळे तिच्यातील औषध सौम्य असेल, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात उलट आहे: तान्ह्या बाळाला फार द्रव गिळता येत नाही, म्हणून थोड्या थेंबांत जास्त औषध बसवलेले असते.

या घोटाळ्याचा दोष मी आईवडिलांना देत नाही, कारण व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतःही चिठ्ठीवर ‘ताप आल्यास ५ मिलि’ एवढेच लिहीत असे. एकदा एक वडील तशीच माझी चिठ्ठी घेऊन रात्री दुकानात गेले, नेहमीची बाटली संपलेली असल्याने त्यांना दुप्पट शक्तीची मिळाली, आणि चिठ्ठीबरहुकूम पाच-पाच मिलि दोन दिवस देऊन झाल्यावर ते माझ्याकडे आले. मुलगी सुखरूप राहिली, तिच्या यकृताच्या तपासण्याही ठीक आल्या, पण चिठ्ठी माझीच होती. तेव्हापासून मी औषधाचे नाव, पाच मिलिमधील मिलिग्रॅम, एका वेळचे मिलिग्रॅम आणि मग मिलि, अशा क्रमाने लिहितो, आणि आईवडिलांना बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून त्यावर मुलाचे वजन, तारीख आणि मात्रा लिहायला लावतो. तुमच्या डॉक्टरांनी मिलिग्रॅम लिहिले नसतील तर विचारायला मुळीच संकोच करू नका.

हिशेब सोपा आहे. पॅरासिटामॉल एका वेळी मुलाच्या दर किलो वजनामागे १० ते १५ मिलिग्रॅम द्यायचे असते. ९.२ किलोला हे ९२ ते १३८ मिलिग्रॅम होते. म्हणून १२५ च्या सिरपचे पाच मिलि, २५० च्या सिरपचे अडीच मिलि, किंवा १०० मिलिग्रॅम प्रति मिलिच्या थेंबांचे सव्वा मिलि, या तिन्हींतून त्याला सारखेच औषध मिळेल. दोन मात्रांत किमान चार तास, आणि घरगुती वापरात शक्यतो सहा तास अंतर ठेवावे. चोवीस तासांत चारपेक्षा जास्त मात्रा देऊ नयेत. दर किलोमागे दिवसाला एकूण ६० मिलिग्रॅम ही मर्यादा मी पाळतो. तुमच्या मुलासाठी ती साधारण ५५० मिलिग्रॅम होते आणि १२५ च्या चार मात्रा तिच्या आत बसतात. खोक्यावर छापलेले वयोगट हा केवळ अंदाज असतो. आपल्याकडे एकाच वयाच्या दोन मुलांत तीन-तीन किलोंचा फरक सहज दिसतो, त्यामुळे वजन माहीत असताना वयावरून मात्रा ठरवू नये.

मोजण्यासाठी स्वयंपाकघरातील चमचा वापरू नये. एका घरातील दोन चहाचे चमचेसुद्धा सारखे नसतात आणि काठोकाठ भरण्याची प्रत्येकाची रीत वेगळी असते. बाटलीबरोबर आलेले खुणांचे माप चालते, परंतु अडीच किंवा सव्वा मिलि मोजायचे असेल तर सुई नसलेली पाच मिलिची सिरिंज सर्वांत बरी. तिचे टोपण आधी काढून दूर ठेवा, कारण ते बाळाच्या घशात जाऊ शकते. यातील बरीच औषधे द्रवात तरंगत ठेवलेली भुकटी असते आणि बाटली उभी राहिली की ती तळाशी बसते. बाटली नीट हलवली नाही तर सुरुवातीचे दिवस पातळ औषध आणि शेवटचे दिवस दाट औषध पोटात जाते. बाळाला अर्धवट बसते धरून सिरिंजचे टोक गालाच्या आतल्या बाजूला लावावे आणि थोडे थोडे सोडावे. नाक दाबून, आडवे पाडून औषध ओतणे ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे आणि तिने औषध श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. दुधाच्या पूर्ण बाटलीत औषध मिसळले आणि बाळाने अर्धी बाटली सोडली, तर किती औषध गेले हे कोणालाच सांगता येत नाही.

औषध दिल्या दिल्या, म्हणजे पंधरा-वीस मिनिटांच्या आत सगळे उलटून पडले, तर तीच मात्रा एकदाच पुन्हा द्यावी. अर्ध्या तासानंतर उलटी झाली तर पुन्हा देऊ नये, कारण बरेचसे औषध शोषले गेलेले असते; पुढची वेळ येईपर्यंत थांबावे. काहीच पोटात ठरत नसेल तर गुदद्वारातून द्यायची पॅरासिटामॉलची वडी मिळते. तिची मात्राही वजनावरूनच ठरते आणि तोंडाने दिलेले औषध व वडी या दोन्हींचा हिशेब एकाच वहीत धरायचा असतो.

आता ताप उतरवायचा तरी कशासाठी, हे पाहू. जंतुसंसर्ग झाला की मेंदूतील तापमान नियंत्रित करणारे केंद्र शरीराचे तापमान मुद्दाम वर नेऊन ठेवते. रोगप्रतिकाराच्या कामाचाच तो भाग आहे. पॅरासिटामॉल त्या केंद्राला थोडे खाली आणते, मूळ आजारावर त्याचा काहीही परिणाम होत नाही. म्हणून औषध द्यायचे ते मुलाला बरे वाटावे, अंगदुखी कमी व्हावी, त्याने पाणी आणि दूध घ्यावे यासाठी. १०१ ताप असूनही मूल जमिनीवर बसून भांडी वाजवत खेळत असेल तर औषधाची घाई नाही. १०० वरच ते मलूल, किरकिरे झाले असेल तर द्यायला हरकत नाही. औषधाचा परिणाम अर्ध्या ते एका तासात दिसू लागतो आणि पुढचे काही तास वाढत जातो. १०३ चा ताप १०१ वर आला आणि मूल पाणी प्यायले, तर औषधाने आपले काम केले. ताप ९८.६ वर आला नाही म्हणून दोन तासांनी पुन्हा मात्रा देणे, हीच माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक चुकांची सुरुवात असते.

ताप ‘डोक्यात जाण्याची’ भीती मला रोज ऐकू येते, आणि ती समजण्यासारखी आहे, कारण अनेक घरांत कोणाला तरी लहानपणी तापात आकडी आलेली असते. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील शंभरातील साधारण दोन ते पाच मुलांना तापात असा झटका येतो. तो पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकवतो, पण साधा, काही मिनिटांत थांबणारा झटका मेंदूला इजा करत नाही. तापाचे औषध वेळेवर, भरपूर दिले तर झटका टळतो, असे मात्र नाही. या विषयावरील अभ्यासांत औषधाने झटके रोखल्याचे दिसलेले नाही, त्यामुळे त्या भीतीपोटी जादा मात्रा देण्याने काही साधत नाही. झटका आलाच तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका, घड्याळ पाहा आणि १०८ ला फोन करा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललेला झटका ही तातडीची बाब आहे. पहिल्यांदाच आलेला झटका लवकर थांबला तरी त्याच दिवशी मुलाला तपासून घ्यावे.

रात्रीविषयी: शांत झोपलेल्या मुलाला केवळ औषधाची वेळ झाली म्हणून उठवू नये. झोप त्याला औषधाइतकीच हवी असते. त्याचा श्वास नेहमीसारखा चालला आहे ना, हाक मारून किंवा हलवून ते कूस बदलते ना, एवढे पाहावे. हलवूनही नीट जागे होत नसेल तर ती झोप नव्हे, आणि मग औषधाचा विचार न करता रुग्णालय गाठावे. पावसात वीज गेलेली असताना मेणबत्तीच्या उजेडात औषध मोजण्याची वेळ गोव्यात सगळ्यांवर येते. त्यासाठी संध्याकाळीच बाटली, सिरिंज आणि वही एकत्र ठेवून सिरिंजवर तुमच्या मात्रेच्या खुणेला गडद शाईने रेघ मारून ठेवावी.

सासूबाईंच्या सूचनेकडे वळतो. मेफेनॅमिक ॲसिडने ताप लवकर उतरतो हा त्यांचा अनुभव खोटा नाही. ते आणि आयब्युप्रोफेन एकाच कुळातील औषधे आहेत आणि काही मुलांत ती पॅरासिटामॉलपेक्षा जोरकस वाटतात. तरीही पावसाळ्यात, दुसऱ्या दिवशीच्या तापात, कारण कळलेले नसताना मी ती देत नाही, आणि याचे मुख्य कारण डेंग्यू हे आहे. डेंग्यूत रक्तातील प्लेटलेट कमी होतात आणि रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो. या कुळातील औषधे प्लेटलेटचे काम मंदावतात, पोटाच्या अस्तराला इजा करतात आणि पाणी कमी पडलेल्या मुलाच्या मूत्रपिंडावर ताण आणतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत डेंग्यूचा ताप आणि साधा विषाणूचा ताप बाहेरून सारखेच दिसतात. म्हणून जून ते नोव्हेंबरपर्यंत, डेंग्यू नाही असे डॉक्टरांनी सांगेपर्यंत, गोव्यातील घरात तापावर फक्त पॅरासिटामॉल द्यावे, असे मी सर्वांना सांगतो. डेंग्यूची शंका असल्यास पॅरासिटामॉलही हात राखून, म्हणजे दर किलोमागे १० मिलिग्रॅम, सहा-सहा तासांनी दिलेले बरे. सत्तरी तालुक्याच्या बाजूला हाच नियम काजूच्या हंगामालाही लागू आहे. २०१५ मध्ये तेथील पाली भागात माकडतापाचे (जंगलातील गोचिडांमधून पसरणाऱ्या विषाणूच्या तापाचे) रुग्ण आढळल्यापासून जंगलाजवळ राहणाऱ्या कुटुंबातील तापाकडे आम्ही त्या दृष्टीनेही पाहतो आणि त्या आजारातही रक्तस्रावाचा धोका असतो.

डेंग्यूविषयी आणखी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे, कारण तिचा तापाच्या औषधाशी थेट संबंध आहे. या आजारात धोक्याचा काळ बहुधा ताप उतरू लागतो तेव्हा, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान सुरू होतो. ज्या दिवशी घरात सगळे सुटकेचा श्वास सोडतात, त्याच दिवशी मुलाचे पोट दुखू लागते, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते. जोरकस औषधाने ताप खाली दाबून ठेवला तर हे वळण आले केव्हा, हेच कळत नाही. तुमच्या मुलाला दोन दिवस झाले आहेत, तेव्हा उद्यापर्यंत त्याला डॉक्टरांना दाखवा. पहिल्या पाच दिवसांत डेंग्यूच्या एनएस१ तपासणीचा उपयोग होतो.

मेफेनॅमिक ॲसिडबद्दल आणखी एक नोंद. भारतीय फार्माकोपिया आयोगाने २०२३ मध्ये या औषधाबाबत सावधगिरीची सूचना काढली होती. क्वचित काही जणांत औषध सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांत अंगावर पुरळ, ताप, गाठींची सूज आणि यकृतासारख्या अवयवांना इजा अशी ‘ड्रेस सिंड्रोम’ नावाची गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते. ही गोष्ट दुर्मीळ आहे, सासूबाईंनी घाबरून जायचे कारण नाही, परंतु साध्या तापासाठी हे औषध घरात पहिल्या हाताला ठेवण्याचेही कारण नाही.

आयब्युप्रोफेनची गोष्ट थोडी वेगळी आहे. सहा महिन्यांवरील मुलांत, डेंग्यूची शंका नसताना, कानदुखी किंवा मुका मार यांसारख्या सुजेच्या दुखण्यात ते चांगले काम करते. मात्रा दर किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम, दोन मात्रांत सहा ते आठ तास; पाच मिलित १०० मिलिग्रॅम असलेल्या औषधाचे साडेचार मिलि ही तुमच्या मुलाची वरची मर्यादा झाली. ते पोटात काहीतरी असताना द्यावे. जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या, मूत्रपिंडाचा आजार असलेल्या, कांजिण्या आलेल्या मुलाला देऊ नये, आणि दमा असलेल्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

दोन औषधे आलटूनपालटून देण्याने ताप थोडा अधिक काळ खाली राहतो, हे खरे आहे. पण त्याचे मोल असे की एक औषध सहा तासांनी, दुसरे आठ तासांनी, रात्री आई जागी, पहाटे बाबा जागे, आणि कोणते कोणी केव्हा दिले याचा ताळमेळ दुसऱ्या दिवसापर्यंत सुटतो. म्हणून मी हा मार्ग नेहमीसाठी सुचवत नाही. शिवाय बाजारात आयब्युप्रोफेन व पॅरासिटामॉल, किंवा मेफेनॅमिक ॲसिड व पॅरासिटामॉल, अशी मिश्र सिरपे सर्रास मिळतात. एखाद्या मिश्रणाच्या पाच मिलित १०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेनबरोबर १६२.५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉलही असते. घरात ‘हे वेगळे औषध’ म्हणून ते १२५ च्या पॅरासिटामॉलबरोबर दिले की तुमच्या मुलाला एका वेळी २८७ मिलिग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल गेले, म्हणजे दर किलोमागे तीस मिलिग्रॅमहून अधिक.

सर्दीच्या अनेक सिरपांतही पॅरासिटामॉल दडलेले असते. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये दिला, आणि दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत अशी केंद्राची सूचना २०२५ मध्ये आली. त्याच वर्षी मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य असलेल्या सिरपने वीसहून अधिक बालकांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती दगावली, हे बहुतेकांनी वाचले असेल. चौदा महिन्यांच्या मुलाच्या नाकासाठी मिठाच्या पाण्याचे थेंब पुरेसे असतात.

काही औषधे मुलांसाठी नाहीतच. निमेसुलाइडवर १२ वर्षांखालील मुलांसाठी केंद्र सरकारने २०११ मध्ये बंदी घातली. तरीही मोठ्या माणसांच्या डब्यातील त्याची गोळी चुरून पाण्यातून दिल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. ॲस्पिरिनमुळे विषाणूच्या तापात यकृत आणि मेंदूवर परिणाम करणारा राय सिंड्रोम होऊ शकतो, म्हणून ते मुलांना तापासाठी देत नाहीत. पाळीच्या वेदनांसाठी आणलेली मेफेनॅमिक ॲसिड व डायसायक्लोमाइनची गोळी अर्धी करून बाळाच्या पोटदुखीवर देणे, हाही असाच एक प्रकार आहे. अर्धी किंवा पाव गोळी ही मात्रा नसते. पाचशेच्या पॅरासिटामॉल गोळीची पाव गोळी १२५ मिलिग्रॅमची होते. ती तुमच्या मुलाला बरोबर बसेल, पण लस घेतलेल्या पाच किलोंच्या तान्ह्या बाळाला तीच पाव गोळी दर किलोमागे २५ मिलिग्रॅम पडते.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घर भरलेले असते आणि मुलाचे सगळे करायला दहा हात पुढे येतात. आईने सात वाजता औषध दिलेले असते, साडेआठला आत्या अंगाला हात लावून पाहते आणि प्रेमाने पुन्हा देते. यासाठी औषध एकाच व्यक्तीच्या ताब्यात असावे आणि फ्रिजवर एक कागद लावून त्यावर वेळ, औषध व मिलिग्रॅम लिहावेत. पॅरासिटामॉल हे योग्य मात्रेत फार सुरक्षित औषध आहे, पण जास्त झाले तर यकृताला इजा करते, आणि फसवी बाब अशी की पहिल्या दिवशी मूल जवळजवळ ठीक दिसते. थोडी जास्त मात्रा दोन-तीन दिवस सतत जाणे, त्यातही मूल उपाशी किंवा उलट्यांनी थकलेले असताना, हा प्रकार एका वेळच्या चुकीपेक्षा अधिक वेळा घडतो. मुलाने स्वतः बाटली तोंडाला लावली असेल, किंवा मात्रा चुकल्याची शंका असेल, तर ओकारी काढायला मीठपाणी देऊ नका. बाटली बरोबर घेऊन लगेच रुग्णालयात जा. एन-ॲसिटिलसिस्टीन हा त्यावरचा उतारा आठ तासांच्या आत सुरू झाला तर उत्तम काम करतो, म्हणून ‘सकाळी पाहू’ असे म्हणू नये. ही सिरपे गोड, स्ट्रॉबेरीच्या वासाची असतात. औषध देताना ‘हा खाऊ आहे’ असे मुलाला सांगू नये आणि बाटली उंच, बंद कपाटात ठेवावी.

औषधाव्यतिरिक्त करायचे ते फारसे अवघड नाही. एकच सुती झबले, पंखा मंद, स्तनपान चालू असल्यास अधिक वेळा, आणि पातळ पेज चिमूटभर मीठ घालून. आडसराचे (शहाळ्याचे) पाणी घोट घोट चालेल, जुलाब असतील तर मात्र ओआरएसच द्यावे. अंग पुसायचे असेल तर कोमट पाण्याने, मुलाला सुखावत असेल तरच. बर्फाच्या पाण्याने ते कुडकुडते आणि कुडकुडल्याने शरीर आणखी उष्णता तयार करते. कपाळावरची कोलन वॉटरची पट्टी आजीच्या मायेची खूण आहे, पण त्यातील अल्कोहोल तान्ह्याच्या कातडीतून आणि श्वासातून आत जाते, तेव्हा पट्टी साध्या पाण्याची ठेवावी.

दुखण्याविषयी थोडेच सांगतो. कानदुखी, घसादुखी, पडझड यांत वर सांगितलेल्याच मात्रा लागू होतात आणि वेदना असताना ताप नसला तरी औषध द्यावे. ‘ताप नाही तर कशाला’ म्हणून मुलाला रात्रभर रडत ठेवणे योग्य नाही. दात येताना हिरड्या दुखतात, पण १००.४ च्या वरचा ताप दातांवर ढकलू नये. हिरड्या बधिर करणारी जेल लहान बाळांना लावू नयेत. डोक्याला मार लागल्यावर पॅरासिटामॉल चालते. नंतर उलट्या किंवा सुस्ती आली तर थेट रुग्णालय.

घरी थांबू नये असे प्रसंग स्पष्ट सांगतो. तीन महिन्यांखालील बाळाला ताप आला, आणि दोन महिन्यांखालील बाळाच्या काखेत ९९.५ अंश जरी भरले, तरी औषध देऊन वाट पाहू नये. त्या वयात ताप हेच गंभीर संसर्गाचे एकमेव लक्षण असू शकते आणि औषधाने तेच झाकले जाते. तुमच्या मुलाच्या बाबतीत: श्वास जलद किंवा छाती आत ओढून चालला, सात-आठ तास लघवी झाली नाही, पाणी घेणेच बंद झाले, दाबूनही न मिटणारे लालजांभळे ठिपके अंगावर आले, मान ताठरली, रडणे क्षीण किंवा न थांबणारे झाले, किंवा ताप उतरलेला असतानाही ते मलूलच राहिले, तर डिचोलीचे आरोग्य केंद्र जवळ असेल तर तेथे, नाहीतर म्हापशाचे जिल्हा रुग्णालय किंवा बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय गाठावे. औषधानंतर थोडा ताप उतरला, यावरून आजार साधा आहे असे ठरवता येत नाही. गंभीर आजारातील तापही पॅरासिटामॉलने उतरतो.

शेवटी, तुमच्या मुलाची १६ ते २४ महिन्यांतील लसीकरणाची फेरी आता जवळ आली आहे. लसीच्या आधी ‘ताप येऊ नये म्हणून’ पॅरासिटामॉल देऊ नका. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झेक प्रजासत्ताकातील अभ्यासात असे आधीच दिलेले औषध काही लसींचा प्रतिसाद कमी करते असे आढळले होते. नंतर ताप आला किंवा मांडी दुखली, तर वरच्याच मात्रेत द्या. त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांच्या) लसीचा ताप बहुधा पहिल्या दोन दिवसांतच येऊन जातो, गोवर-रुबेलाचा मात्र पाचव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास उगवतो, आणि तोपर्यंत लस घरातील सगळे विसरलेले असतात, म्हणून तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. त्या दिवशी केंद्रावर त्याचे वजन होईलच. तो नवा आकडा घेऊन मात्रा पुन्हा काढा आणि बाटलीवरची जुनी पट्टी काढून नवी चिकटवा.